फर्नांडिस, डिसोझा, लोबो... मालवणात पोर्तुगीज आडनावं आली कुठून?

मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या भागात फिरलात तर सावंत, नाईक, आचरेकर यांच्या शेजारीच फर्नांडिस, रॉड्रिग्ज, डिसोझा, लोबो अशाही पाट्या दिसतात. घरात बोलणं मालवणी नाहीतर कोकणी, जेवणात तोच मासा आणि भात. तरीही सोशल मीडियावर असं आडनाव दिसलं की एक प्रश्न हमखास येतो, "तुम्ही मूळचे पोर्तुगीज का?"

थोडक्यात उत्तर : बहुतेकांच्या बाबतीत नाही. आडनाव पोर्तुगालचं, माणसं इथलीच. हे कसं झालं, ते बघू.

मालवणात तर पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं, मग?

मालवण शिवकाळानंतर कोल्हापूरकरांकडे होतं आणि १८१२ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं. सावंतवाडीत सावंत भोसले होते, ते संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. म्हणजे ही आडनावं इथल्या राज्यकर्त्यांनी दिलेली नाहीत. ती आली शेजारच्या गोव्यातून.

१५१० मध्ये अफोन्सो दे अल्बुकर्कने गोवा जिंकला. नंतरच्या काळात तिथे मोठ्या प्रमाणात धर्मांतरं झाली. बाप्तिस्मा घेताना नवं नाव मिळायचं आणि सोबत आडनावही. ते बहुतेकदा धर्मपिता म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाचं किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं असायचं. त्यामुळे एकमेकांशी काही नातं नसलेल्या दोन घरांना एकच आडनाव मिळू शकत होतं. उलट, धर्मपिता वेगळा असेल तर सख्ख्या भावांची आडनावंही वेगळी होऊ शकत होती.

यातली काही कुटुंबं वेगवेगळ्या काळात गोव्याची हद्द ओलांडून उत्तरेला आली आणि आडनावं सोबत घेऊन आली.

या आडनावांचे अर्थ काय?

१. 'अमक्याचा मुलगा' : शेवटी 'एस' असलेली बरीच आडनावं या गटातली. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉद्रिगोचा, गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा, डायस म्हणजे दियोगोचा. आपण वडिलांचं नाव मधे लावतो आणि ते दर पिढीला बदलतं. तिकडेही आधी तसंच होतं. पुढे ते बदलायचं थांबलं आणि पणजोबांच्या वडिलांचं नाव कायमचं आडनाव होऊन बसलं.

२. गाव, नदी, जागा : आपल्याकडे आचऱ्याचे ते आचरेकर, कुडाळचे ते कुडाळकर. पोर्तुगीजमध्ये हेच काम 'दे' किंवा 'दा' करतं. सोझा ही उत्तर पोर्तुगालमधली नदी, तिच्यावरून दे सोझा. सिल्वा म्हणजे रान, कोस्टा म्हणजे किनारा किंवा उतार. आपल्याकडे 'दे' आणि 'दा' दोन्हींचं 'डि' झालं आणि डिसोझा, डिसिल्वा, डिकोस्टा तयार झाले. आल्मेडा आणि ब्रागांझा ही तर पोर्तुगालमधल्या गावांचीच नावं.

३. झाडं आणि प्राणी : परेरा म्हणजे नाशपातीचं झाड, कार्व्हालो म्हणजे ओक, कुएल्हो म्हणजे ससा. आणि लोबो म्हणजे चक्क लांडगा! आपल्याकडे लांडगे, वाघ, कोल्हे ही आडनावं आहेतच की. लोपिस हे 'लोपो' या नावावरून आलं आणि त्याचंही मूळ लांडग्यासाठीच्या लॅटिन शब्दात आहे.

मग स्पॅनिश आडनावं वेगळी कशी ओळखायची?

दोन्ही भाषा लॅटिनमधून आलेल्या, त्यामुळे आडनावं भावंडांसारखी आहेत. इंग्रजी स्पेलिंगचं शेवटचं अक्षर बघा. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोपिस यांच्या शेवटी 'एस' असेल तर साधारण पोर्तुगीज रूप, 'झेड' असेल तर स्पॅनिश. अर्थ दोन्हीकडे तोच, 'अमक्याचा मुलगा'.

स्पॅनिश आडनावांचीही अशीच एक गोष्ट फिलिपिन्समध्ये घडली. तिथे १८४९ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर जनरल क्लाव्हेरिया याने आडनावांची यादीच काढली आणि लोकांना त्यातून आडनावं लावायला सांगितली. कर गोळा करायला आणि नोंदी ठेवायला सोपं जावं, हा हेतू. आज लाखो फिलिपिनो लोकांची आडनावं स्पॅनिश आहेत, पण त्यांचे पूर्वज स्पेनहून आलेले नाहीत.

आडनावावरून काय कळतं, काय नाही?

या घराण्यात कधीतरी बाप्तिस्मा झाला आणि तो पोर्तुगीज चर्चच्या छायेत झाला, एवढं कळतं. रक्त कुणाचं, आधीची जात कुठली, दोन डिसोझा एकमेकांचे नातेवाईक आहेत का, हे कळत नाही. मंगळूरच्या कॅथलिकांमध्ये काही घराण्यांनी प्रभू, कामत, नाईक, शेट अशी जुनी आडनावं आठवणीत जपली आहेत. त्यावरून पोर्तुगीज आडनावाच्या मागे कोण होतं, याचा अंदाज येतो.

आणि हे फक्त आडनावापुरतं आहे, भाषेपुरतं नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आडनाव पोर्तुगीज, लेखन मराठी.

तेव्हा मालवणातल्या एखाद्या फर्नांडिसना "मूळचे कुठले?" असं विचारलंत आणि उत्तर "मालवणचो" असं आलं, तर "नाही हो, त्याच्या आधीचे?" असं पुन्हा विचारायची गरज नाही. उत्तर मिळालेलं आहे.