ग्लायोब्लास्टोमातील प्राणवायू-न्यूनता

ग्लायोब्लास्टोमातील प्राणवायू-न्यूनता म्हणजे ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगी अर्बुदाच्या काही भागांत प्राणवायूचे प्रमाण फार कमी होणे. या न्यूनतेमुळे अर्बुदातील काही पेशी मरतात. तगून राहिलेल्या पेशी मात्र स्थलांतर करून आसपासच्या निरोगी मेंदूत शिरतात. उपचारानंतरही हा रोग जवळजवळ नेहमीच उलटतो, त्यामागील हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

पार्श्वभूमी

प्रौढांमध्ये मेंदूतच उगम पावणाऱ्या घातक अर्बुदांपैकी ग्लायोब्लास्टोमा सर्वाधिक आढळतो. तो इतर अवयवांत क्वचितच पसरतो. त्याच्या पेशी मेंदूच्या आतच, रक्तवाहिन्यांच्या कडेने आणि श्वेतद्रव्यातील तंतूंच्या मार्गाने पुढे सरकतात. अमेरिकन शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी १९२८ साली ग्लायोमा वर्गातील अर्बुदे असलेल्या काही रुग्णांच्या मेंदूचा संपूर्ण उजवा गोलार्ध काढल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. इतके करूनही रोग आटोक्यात आला नाही. पेशी दिसणाऱ्या गाठीच्या सीमेपलीकडे आधीच पोहोचलेल्या असतात, हे यातून दिसून आले.

खोट्या कुंपणाची रचना

ऊतींमध्ये प्राणवायू रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटर अंतरापर्यंतच पोहोचतो. अर्बुद वेगाने वाढते, त्यातील नव्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या व गळक्या असतात आणि त्यांत रक्ताच्या गुठळ्याही होतात. त्यामुळे मृत ऊतींची बेटे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशा बेटांभोवती पेशींची दाट रांग दिसते. कुंपणाच्या खुंटांशी असलेल्या साम्यामुळे तिला 'स्यूडोपॅलिसेड' म्हणतात आणि रोगनिदानात ती एक ठळक खूण आहे.

दाटी पाहता या पेशी झपाट्याने विभागत असाव्यात असे वाटते; प्रत्यक्षात उलट आहे. डॅनियल ब्रॅट व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की त्यांच्यात विभाजन आजूबाजूच्या पेशींपेक्षा कमी असते, त्या प्राणवायू-न्यून असतात आणि पेशींभोवतालचे आधारद्रव्य विरघळवणारी विकरे तयार करतात. ही रांग म्हणजे प्राणवायू संपलेल्या जागेपासून बाहेर निघालेल्या पेशींची लाट होय.

रेणवीय यंत्रणा

प्राणवायू पुरेसा असताना पेशी एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन सतत तयार करते आणि लगेच मोडूनही टाकते. प्राणवायू घटला की मोडण्याची क्रिया थांबते. साचलेले प्रथिन केंद्रकात जाऊन शर्करेचा वापर, नव्या रक्तवाहिन्यांची निर्मिती आणि पेशींची हालचाल यांच्याशी संबंधित अनेक जनुके कार्यान्वित करते. पेशी प्राणवायूची पातळी कशी ओळखतात याच्या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

उपचारांवरील परिणाम

किरणोपचाराला प्राणवायूची साथ लागते; तो नसलेल्या पेशी मारण्यासाठी सुमारे अडीच ते तीन पट मात्रा लागते. अर्बुदाचा रक्तपुरवठा तोडण्याचा मार्गही सरळ ठरला नाही. नव्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २००९ साली उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी मान्यता मिळाली. पुढे नव्याने निदान झालेल्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग वाढेपर्यंतचा काळ लांबला, परंतु एकूण आयुर्मान वाढले नाही. उंदरांवरील काही प्रयोगांत अशा उपचारानंतर अर्बुदपेशी अधिक दूरवर घुसल्याचे आढळले. रुग्णांमध्येही तसेच घडते का, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.