नेपल्स १९४४ : लग्नाची परवानगी

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास मी वर्गात शिकवतो. पाठ्यपुस्तक तह, आघाड्या आणि सेनापती यांपाशी थांबते. घरातला पहिला पदवीधर असल्याने असेल, मला इतिहासात आधी चूल दिसते.

२७ ते ३० सप्टेंबर १९४३ या चार दिवसांत इटलीतल्या नेपल्स बंदराच्या सामान्य लोकांनी, त्यात रस्त्यावरची पोरेही आली, जर्मन फौजेशी झुंज घेऊन तिला हुसकावले. १ ऑक्टोबरला ब्रिटिश-अमेरिकन सैन्य शहरात शिरले. जर्मनांनी जाताना बंदर उडवले, पाणी तोडले. विद्यापीठ आधीच जाळले होते. पण १९४० पासून वस्त्यांवर बॉम्ब टाकले ते बहुतेक दोस्तांच्याच विमानांनी, आणि आता तेच मुक्तिदाते! हिवाळ्यात टायफस पसरला. दहा लाखांवर माणसांच्या अंगावर डीडीटीची पूड फवारली गेली. मार्च १९४४ मध्ये व्हेसुव्हिअसही फुटला. अन्न काळ्या बाजारात होते, आणि तिथे मोजायला कित्येक बायांजवळ शरीराखेरीज काही उरले नव्हते.

या साऱ्याला नुसता देहाचा बाजार म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. त्या उपाशी शहरात माणसे प्रेमातही पडली. पण लग्नाला वरिष्ठांची परवानगी लागे. ब्रिटिश शिपायांच्या नियोजित वधूंची घरी जाऊन चौकशी करणे हे नॉर्मन लुईस या सुरक्षा-अधिकाऱ्याचे एक कामच होते. त्याची डायरी १९७८ साली छापली गेली.

काळ्या अमेरिकन शिपायाची गोष्ट आणखी निराळी. सैन्यात पलटणी वेगळ्या. माल उतरवणे, ट्रक हाकणे बहुधा त्यांच्याकडे. त्याचा अर्ज गोऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जाई आणि बहुधा तिथेच मरे. मायदेशी अनेक राज्यांत गोऱ्या बाईशी त्याचे लग्न बेकायदा होते; ते कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली मोडीत काढले. फॅसिझमविरुद्ध निघालेल्या सैन्याने आपले सोवळेओवळे जहाजातून सोबत आणले होते. बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहात दाखवले. तो निबंध वाचलेल्याला हा अर्ज फेटाळणारा अधिकारी ओळखीचा वाटेल.

शिपाई परत गेले. पोरे राहिली. गोऱ्या आईच्या काळ्या बाळावरचे 'तम्मुर्रियाता नेरा' हे गाणे १९४४ सालचेच. शहर ते ठेक्यात गाऊ लागले. त्या आयांपैकी कुणी पोर अनाथालयात ठेवले, कुणी छातीशी धरून त्याच गल्लीत दिवस काढले. बापाचे नाव नसलेल्या पोराच्या कागदावर तेव्हा इटलीत 'एन. एन.' अशी दोन अक्षरे लिहीत.