गणवेशाचा संग्रह आणि गणवेश घालणाऱ्याचा इतिहास

ब्रिटिश राजवटीतील पोलीस व लष्करी गणवेश जमविण्याचा छंद आज आपल्याकडेही रुजला आहे. लाल बनातीचे डगले, खाकी सदरे, पितळी बिल्ले, पट्टे आणि बक्कले यांना बाजारात चांगली किंमत येते. या छंदाकडे तुच्छतेने पाहावे असे आम्हांस वाटत नाही. कापड हेही इतिहासाचे साधन होय. परंतु डगल्याची किंमत ठरविताना तो अंगावर घालणाऱ्या माणसाचे नाव बहुधा विचारले जात नाही. ते विचारले जावे, एवढ्यासाठीच प्रस्तुत लेख आहे. त्याची सुरुवात आम्ही नंदुरबार जिल्ह्यापासून करीत आहोत.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा जुन्या खानदेशाचा भाग होता. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तरी सातपुड्यातील भिल्लांनी ही सत्ता सहजासहजी मानली नाही. केवळ बंदुकीने हा मुलूख शांत होत नाही हे पाहून, मुंबईचे गव्हर्नर एलफिन्स्टन यांच्या कारकिर्दीत, १८२५ साली जेम्स औट्रम या तरुण लेफ्टनंटने भिल्लांचीच एक पलटण उभारली. तिला 'खानदेश भिल्ल कोअर' म्हणत. तिचे मुख्य ठाणे धरणगावी, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात होते. काल ज्याला 'लुटारू' म्हटले, त्याच्या अंगावर आज सरकारी डगला चढला आणि आपल्याच डोंगरावर पहारा करण्याचे काम त्याच्याकडे आले.

या डगल्याला दोन बाजू होत्या. नियमित वेतन आणि सरकारदरबारी मान ही एक बाजू. दुसरी बाजू १८५७-५८ च्या उठावात दिसली. सेंधवा घाटाच्या राखणीचे काम एके काळी ज्याच्याकडे होते तो खाज्या नाईक आता इंग्रजांविरुद्ध उभा ठाकला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणी येथे भिल्ल बंडखोरांवर इंग्रजी फौज चालून गेली. पहारेकरी कोण आणि बंडखोर कोण, हे रक्तावरून नव्हे तर अंगावरच्या कापडावरून ठरू लागले. नंदुरबार शहराने हीच गोष्ट पुढे पुन्हा अनुभवली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात बळी पडले. हुकूम परकीय सत्तेचा होता, पण त्या सत्तेच्या पोलीस दलातील बहुसंख्य शिपाई या देशाचेच होते. म्हणून या काळातील खाकी सदरा जपताना त्याभोवती खोटे तेज निर्माण करणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल.

भिल्ल पलटणीचा शेवटही लक्षात घेण्याजोगा आहे. १८९१ मध्ये ती पोलीस दलात विलीन करण्यात आली. याच सुमारास, १८९२-९३ मध्ये, महारांची लष्करभरती बंद झाली. 'लढवय्या जाती' नावाचा एक सिद्धान्त तेव्हा लष्करात प्रबळ झाला होता, आणि त्याने शौर्याचे मोजमाप जन्मावर आणून ठेवले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेल्या सैनिकांची 'नाक' या प्रत्ययाने संपणारी नावे स्तंभावर कोरलेली असताना, त्यांच्याच वंशजांच्या अंगावरचा गणवेश उतरविला गेला.

हा गणवेश आपल्या समाजाला काय देत होता, हे सांगण्यासाठी सुभेदार रामजी सकपाळ यांचे घराणे पुरेसे आहे. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी लष्करात होते आणि मातुल घराण्यातही सुभेदार-मेजर होते. स्वतः रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला तो याच परंपरेत. गावात ज्याला वेशीबाहेर उभे राहावे लागे, त्याच्या मुलांना लष्करामुळे अक्षरओळख झाली. म्हणूनच निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी लष्कर आणि पोलीस या दोन्ही दलांत प्रवेश मागितला. १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी लष्कर, नौदल आणि पोलीस यांतील मुक्त भरतीचा हक्क मागितला. ही मागणी नोकरीपुरती नव्हती. राज्याची सत्ता ज्या वस्त्रातून दिसते, ते वस्त्र कोणी घालावे याचा निर्णय जातीने करू नये, असा तिचा अर्थ होता.

पहिल्या महायुद्धाच्या गरजेपोटी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडली गेली. पुढे १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. तिच्या टोपीवरील आरंभीच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. नंतर तो काढण्यात आला. असा जुना बिल्ला ज्यांच्या घरी असेल, त्यांनी तो इतिहासाचे अस्सल साधन म्हणून जपावा.

साहेबांचे डगले संग्रहालयांत दिसतात, शिपायाचे क्वचितच. याचे एक कारण कायद्यातच आहे. १८६१ च्या पोलीस कायद्याने नोकरी सुटताच कपडे व साहित्य परत करणे बंधनकारक केले होते आणि न केल्यास शिक्षा ठेवली होती. मुंबई इलाख्याचे कायदे वेगळे असले, तरी १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातही हेच तत्त्व आहे. शिपायाच्या घरी उरले ते एखादे बक्कल, एखादा बिल्ला, आणि भाषेत राहिलेले 'बक्कल नंबर' व 'पट्टेवाला' हे शब्द. चांदीची पदके तर अनेक घरांत अडचणीच्या वेळी सोनाराकडे गेली. वस्तुतः पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असे. ज्या माणसाचे नाव गावच्या दप्तरात नीट लिहिले जात नव्हते, त्याचे नाव तेथे धातूवर कोरलेले होते.

म्हणून वाचकांना आमची काही विनंती आहे. जुना कपडा धुऊ नये. मलमलीत गुंडाळून उन्हापासून आणि दमटपणापासून दूर ठेवावा. पितळ घासून चकचकीत करू नये, कारण त्यावरची अक्षरे झिजतात. बटणावरील 'व्ही. आर. आय.' ही व्हिक्टोरियाची, 'ई. आर. आय.' ही एडवर्डची आणि 'जी. आर. आय.' ही जॉर्जची खूण होय. तिच्यावरून काळाचा अंदाज येतो. मात्र नव्या कापडावर जुनी बटणे शिवून विकणारेही आहेत, हे ध्यानात असावे. शंभर वर्षांहून जुनी, इतिहासदृष्ट्या महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घालणाऱ्याचे नाव, गाव, पलटण आणि नोकरीची वर्षे लिहून वस्तूसोबत ठेवावीत. घरात ज्येष्ठ मंडळी आहेत तोवरच हे काम होऊ शकते.

अक्कलकुवा, धडगाव, तळोदा येथील आदिवासी घरांतही अशी एखादी पितळी खूण असेल, तर तिचीही नोंद याच आस्थेने व्हावी. गणवेशाने माणसाला मान दिला आणि कधी त्याला आपल्याच माणसांवर सोडले. या दोन्ही गोष्टी ज्या संग्रहात नावानिशी नोंदल्या जातील, त्यालाच आम्ही इतिहासाचा संग्रह म्हणू.