कोयनाकांठचा कुंभार आणि त्याचा आश्रय

कोयनानगर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें तीन गोष्टी उभ्या राहतात : धरणाची भिंत, डोंगराच्या पोटांतील वीजघर आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप. या तिन्ही गोष्टी मोठ्या आहेत आणि त्यांच्याविषयीं पुष्कळ लिहिलें-बोललें गेलें आहे. आज मी ज्याच्याविषयीं बोलणार आहें तो मनुष्य मात्र लहान आहे. तो म्हणजे अशा खोऱ्यांतील गांवोगांवचा कुंभार. मातीचें काम करणाऱ्या कारागिराला आपल्या समाजानें कोणत्या रीतीनें आधार दिला, तो आधार कसा सुटत गेला आणि सुटतांना काय हरवलें, याचा थोडक्यांत विचार करूं.

कुंभाराचा धंदा आपल्याकडे किती जुना आहे हें प्रथम पाहूं. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींची शेतकऱ्यांची वस्ती तेथें उजेडांत आली. तींत तांबड्या अंगावर काळ्या रंगाची नक्षी काढलेलीं भांडीं सांपडलीं आणि तीं भाजण्याची भट्टीहि सांपडली. आपल्या प्रांतांत लेखनाचा मागमूसहि नव्हता त्या काळीं मातीला घाट देणारा हात येथें तयार होता. पुढें तेराव्या शतकांत तेर येथील गोरोबाकाकांच्या रूपानें याच धंद्यानें महाराष्ट्राला एक थोर संत दिला. थापटण्यानें संतांचीं डोकीं तपासून कच्चें मडकें कोणतें हें सांगणाऱ्या गोरोबांची कथा लहान मुलांनाहि ठाऊक असते. मडकें कच्चें कीं पक्कें हें आवाजावरून ओळखण्याची कुंभाराची परीक्षा घरोघर माहीत होती, म्हणूनच ती कथा लोकांना इतकी पटली.

आतां गांवाच्या व्यवस्थेकडे वळूं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत बलुतेदारीचें जें वर्णन केलें आहे, तें आजहि वाचण्यासारखें आहे. बारा बलुतेदारांत कुंभाराला स्थान होतें. बलुतेदारांच्या ज्या तीन ओळी मानीत, त्यांपैकीं बहुधा मधल्या ओळींत त्याची गणना होई. वर्षभर शेतकऱ्याच्या घरीं लागणारी घागर, रांजण, गाडगें, परळ हें सर्व कुंभारानें पुरवावें आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन धान्याच्या रूपानें आपला वांटा घ्यावा, अशी ती रीत होती. प्रत्येक मडक्याची किंमत त्या वेळीं ठरत नसे. घराचें आणि कुंभाराचें नातें ठरलेलें असे. संक्रांतीचीं सुगडें, नवरात्राचे घट, लग्नाच्या बहुल्यावरील उतरंडी, बेंदराचे मातीचे बैल, आणि शेवटीं स्मशानाच्या वाटेवर धरावयाचें मडकें, अशा सर्व प्रसंगीं त्याची आठवण होई. माती गांवाच्या शिवारांतून मिळे. आवा भाजण्यास लागणाऱ्या गोवऱ्या, पालापाचोळा व काटक्यासुद्धां शिवारांतूनच गोळा होत.

या व्यवस्थेची मला भलावण करावयाची नाहीं. ती जातीनें बांधलेली होती. कुंभाराच्या मुलाला दुसरा मार्ग नव्हता आणि दुसऱ्याच्या मुलाला हा मार्ग नव्हता. ज्यानें सुरेख मडकें घडविलें त्याला आणि ज्यानें जेमतेम घडविलें त्याला वांटा सारखाच मिळे. दुष्काळाच्या सालीं तर खळ्यावरून रित्या पाटीनें परतावें लागे. परंतु एक गोष्ट तींत होती, ती नजरेआड करतां येत नाहीं. माती, सरपण आणि गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी कारागिराला हक्कानें मिळत होत्या. त्यासाठीं त्याला कोणाच्या कृपेची वाट पाहावी लागत नव्हती.

एकोणिसाव्या शतकांत या हक्काला ओहोटी लागली. कारखान्यांतून निघालेले पितळी व तांब्याचे पत्रे स्वस्त झाले आणि पाण्याची घागर मातीची राहिली नाहीं. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला. त्या चपट्या कौलांपुढें कुंभाराच्या नळीच्या कौलांचा टिकाव लागेना. याच सुमारास मुंबईंत मातीच्या कलेला नवा आश्रय देण्याचा एक प्रयत्न झाला. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगींतून १८५७ सालीं जी कलाशाळा सुरू झाली, तिचे एक प्रमुख जॉर्ज टेरी यांनीं पुढें मातकामाची शाखा उभी केली. सिंधमधील झिलईदार भांड्यांचे आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे नमुने पुढें ठेवून तेथें मोठे कलश, सुरया व थाळ्या घडविण्यांत आल्या. त्या परदेशांतील प्रदर्शनांत गेल्या व वाखाणल्या गेल्या. १९१० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या नांवानें याच शाळेंत एक प्रयोगशाळा निघाली आणि तेथें माती व झिलई यांचा शास्त्रीय अभ्यास होऊं लागला.

हें कार्य मोलाचें होतें यांत शंका नाहीं. पण त्यांतील उणीवहि स्पष्ट आहे. तेथें घडलेला कलश पाटणच्या किंवा कऱ्हाडच्या घरांत ठेवण्यासाठीं नव्हता. त्याचें गिऱ्हाईक बहुतेक सातासमुद्रांपलीकडे होतें. गांवच्या कुंभाराला त्या शाळेचा दरवाजा दिसला नाहीं आणि शाळेला गांवचें खळें दिसलें नाहीं. शिक्षण एकीकडे राहिलें व पोट दुसरीकडे.

लोकांनीं मनावर घेतलें म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण कोयनेच्याच वाटेवर आहे. कोयना कऱ्हाडला कृष्णेस मिळते. त्या कऱ्हाडाजवळ ओगलेवाडी येथें १९१६ सालीं ओगले बंधूंचा कांचेचा कारखाना उभा राहिला. त्यापूर्वीं अंताजी दामोदर काळे यांनीं घरोघर पैसा-पैसा वर्गणी मागून जो पैसा फंड जमविला, त्यांतून तळेगांव येथें १९०८ सालीं कांचेचें शिक्षण देणारा कारखाना निघाला होता. कांच ही कांहीं माती नव्हे. परंतु रेती, भट्टी आणि आंच यांच्याशींच तिचाहि खेळ आहे. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रांत घरोघर पोंचला. त्यामागें कारखानदाराची हुषारी होती, तितकीच स्वदेशी वस्तु घेण्याचा निश्चय केलेल्या गृहस्थांची निष्ठाहि होती. जुनें बलुतें जातीनें ठरत होतें. हें नवें बलुतें लोकांनीं आपखुषीनें दिलें. मात्र शेजारच्याच कुंभाराच्या वांट्याला असा फंड किंवा असा निश्चय आला नाहीं.

आणि मग कोयनेचें धरण आलें. १९६१-६२ पासून शिवसागराचें पाणी साठूं लागलें आणि सुमारें शंभर गांवांना त्याची झळ पोंचली. तेथील कुटुंबें सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, ठाणें, रायगड अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरलीं. त्या वेळीं भरपाई ठरत होती ती १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें. तो कायदा मुख्यतः जमीन, घर व झाडें यांचा बाजारभाव मोजीत असे. पण ज्याची मिळकत जमिनींत नव्हती, पन्नास घरांशीं असलेल्या नात्यांत होती, त्याचें काय मोजावयाचें? तीं पन्नास घरें पांच ठिकाणीं गेलीं म्हणजे कुंभाराचें सारें भांडवलच संपलें. आणि ज्या कागदावर त्याची नोंद व्हावी तो कागदच नव्हता.

दुसरी हानि मातीची. धरणाचें पाणी प्रथम चढतें तें नदीकांठच्या सखल जागेवर, म्हणजे जेथें चिकण गाळ बसतो तेथेंच. नव्या गांवीं माती मिळाली तरी ती ओळखीची नसते. सोलापूरकडची काळी माती पाण्यानें फुगते व वाळतांना भेगाळते. तींत वाळू, राख व लीद किती मिसळावी हें पुनः पहिल्यापासून शिकावें लागतें. चाक गाडींत घालून नेतां येतें, पण मातीचा अंदाज नेतां येत नाहीं. बापाकडून मुलाच्या बोटांत उतरलेलें हें ज्ञान एका पिढींत निरुपयोगी होऊं शकतें. आपल्या घरांत ज्या विजेचे दिवे लागतात, त्यांच्या हिशेबांत ही रक्कम अजून मांडलेली नाहीं.

पुढें कांहीं सुधारणा झाल्या. १९७६ सालीं महाराष्ट्रांत प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा झाला. परंपरेनें हा व्यवसाय करणाऱ्या कुंभाराला ठराविक प्रमाणांत माती स्वामित्वधनावांचून उचलण्याची सवलत आहे. २०१८ सालीं खादी व ग्रामोद्योग आयोगानें कुंभारांसाठीं विजेवर चालणारीं चाकें देण्याची योजना सुरू केली. कोयनेची वीज अशा रीतीनें एखाद्या चाकापर्यंत पोंचत असेल, तर तो न्यायाचा एक लहानसा हप्ता म्हणावा लागेल.

परंतु श्रोतेहो, हा इतिहास आपल्याला एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मातीच्या कारागिराचा संसार माती, सरपण व गिऱ्हाईक या तीन दगडांच्या चुलीवर चालतो. माती सरकारला देतां येईल, चाक व भट्टी संस्थेला देतां येईल. तिसरा दगड मात्र गृहस्थाच्याच हातीं आहे. प्रदर्शनांतील पदकानें एक दिवस साजरा होतो. दर उन्हाळ्यास माठ, दर संक्रांतीस सुगडें व दर दिवाळीस पणत्या ठरलेल्या कुंभाराकडूनच घेणारें घर त्याचें वर्ष पार पाडतें. जुन्या बलुत्यांतील जातीचें बंधन गेलें, तें जावें हेंच योग्य होतें. त्याच्याबरोबर आपलेपणाची जी हमी गेली, ती परत आणणें हें कोणत्याहि कायद्याच्या शक्तीबाहेरचें आहे. आपल्या शक्तीबाहेरचें मात्र नाहीं. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.