मुलीच्या नावावरचे खाते

बालविवाहाचा निषेध कायद्याच्या पुस्तकात असतो आणि लग्नाचा मुहूर्त पंचांगात. या दोहोंची गाठ पडलेली आम्ही आमच्या व्यवसायात क्वचितच पाहिली. १९२९ चा सारडा कायदाच घ्या. त्याने मुलीचे वय १४ ठरविले, आईबापांना दंड सांगितला, लग्न लावणाऱ्या भटजीलाही महिनाभराच्या साध्या कैदेचे भय घातले. परंतु लागलेले लग्न मात्र त्याने कायम ठेवले. शिवाय फिर्याद वर्षाच्या आत झाली पाहिजे, आणि फिर्याद करणाऱ्याकडूनच शंभर रुपयांपर्यंत जामीन मागता येई. शेजाऱ्याच्या मांडवात जेवून आलेला गृहस्थ पदरचा जामीन भरून कचेरीत कशाला जाईल?

वडोदऱ्याच्या वाचकांना याआधीची कथा ठाऊक असेल. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली आपल्या राज्यात बालविवाहाला बंदी केली. १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू केलेले सक्तीचे शिक्षण १९०६ साली त्यांनी राज्यभर नेले, आणि त्यात मुलींनाही घेतले. ब्रिटिश मुलुखात तेव्हा अशी कल्पनाही सरकारला पेलत नव्हती. तथापि महाराजांच्या हातीही साधन एकच होते, ते म्हणजे पालकांचा दंड. दंड हलका असला की तो लग्नखर्चातला आणखी एक आकडा होतो, आणि भारी असला की वसूल करणारा कारकूनच कचरतो.

दंडाऐवजी वेतन देऊन पाहावे, हा मोठा प्रयोग पुढे झाला तो बांगलादेशात. सारडा कायदा त्या देशाकडे पाकिस्तानमार्गे वारशाने आला होता, आणि १९८४ साली त्यात मुलीचे वय १८ करण्यात आले. पण खेड्यातल्या बापाचा हिशेब निराळाच असे. मुलीचे वय वाढले की हुंडा वाढतो; माध्यमिक शाळा लांब, तिची फी वेगळी; आणि शिकून मिळवायचे काय, हा प्रश्न होताच. १९८२ साली चांदपूर जिल्ह्यातील शाहरास्ती या उपजिल्ह्यात एका स्थानिक संस्थेने अमेरिकी सरकारच्या मदतीने मुलींना विद्यावेतन देण्यास आरंभ केला. जानेवारी १९९४ पासून ही योजना साऱ्या ग्रामीण बांगलादेशात लागू झाली. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, नॉर्वे आणि खुद्द ढाक्याचे सरकार अशा चौघांनी प्रदेश वाटून घेऊन तिचा खर्च उचलला.

अटी तीन होत्या. शाळेत ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण, आणि शालान्त परीक्षेपर्यंत लग्न न करणे. तिसऱ्या अटीची हमी पालकांकडून घेतली जाई. येथे आमच्यातला वकील जागा होतो. कोणाच्याही विवाहास प्रतिबंध करणारा करार रद्दबातल आहे, असे १८७२ च्या करार कायद्याचे २६ वे कलम सांगते, आणि तो कायदा बांगलादेशातही चालू आहे. मात्र त्याच कलमात अज्ञान व्यक्तीच्या विवाहाचा अपवाद केलेला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत लिहिलेल्या त्या चार शब्दांच्या आडोशाला ही हमी सव्वाशे वर्षांनी निर्वेध उभी राहिली!

रक्कम पाहिली तर हसू येईल. सहाव्या इयत्तेत महिना २५ टका, नवव्या-दहाव्या इयत्तेत ६० टका. फी परस्पर शाळेला मिळे. परंतु हे पैसे बापाच्या हाती पडत नसत; बँकेत खुद्द मुलीच्या नावाने खाते उघडून वर्षातून दोनदा त्यात जमा होत. ज्या घरात आईच्या नावावर कोंबडीसुद्धा नव्हती, त्या घरातल्या बारा वर्षांच्या पोरीचे खातेपुस्तक! आमच्याकडील एका देवस्थानाच्या शिष्यवृत्ती समितीत आम्ही काही काळ होतो. तेथे मुलींचे धनादेशही वडिलांच्या नावे निघत, आणि त्यात कोणाला काही वावगे दिसत नसे. आम्हांलाही तेव्हा दिसले नाही, हे कबूल केले पाहिजे.

१९९१ साली बांगलादेशच्या माध्यमिक शाळांत ११ लाख मुली होत्या, २००५ साली ३९ लाख. मुलग्यांची संख्या त्यांनी गाठली आणि मागेही टाकली. हे सारे श्रेय २५ टक्यांना देणे भाबडेपणाचे होईल. त्याच काळात कपड्यांच्या कारखान्यांनी लाखो तरुणींना रोजगार दिला, आणि १९८५ साली २२ एकखोली शाळांनी आरंभ केलेल्या ब्रॅक या संस्थेने प्राथमिक शाळेची वाट गरीब मुलींना आधीच दाखविली होती. योजनेत दोषही होते. सावकाराच्या मुलीला आणि शेतमजुराच्या मुलीला वेतन सारखेच मिळे. पण ४५ गुणांची अट घरी दिवा नसलेल्या मुलीलाच अधिक नडे. पुढे वेतन गरिबांकडे वळविण्यात आले आणि गरीब मुलग्यांनाही मिळू लागले, हे योग्यच झाले.

परदेशी पैशाचे आयुष्य किती, हेही या कथेत दिसते. शाहरास्तीच्या पहिल्या प्रयोगाला पैसा पुरविणारे अमेरिकी मदत खाते २०२५ साली बंदच झाले. विद्यावेतन मात्र त्याच्या कितीतरी आधी देशाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात येऊन बसले होते.

लग्नाचे काय? ते लांबले, थांबले नाही. २०२२ च्या पाहणीत विशीतल्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. २०१७ साली सारडा कायदा रद्द करून नवा कायदा आला. त्यात वय १८ च ठेवले, शिक्षा वाढविल्या. पण ‘विशेष परिस्थितीत’ आईबापांची संमती आणि न्यायालयाचा आदेश असल्यास त्याआधीचे लग्न गुन्हा ठरणार नाही, असेही एक कलम घातले. त्या कलमाला किमान वयाची मर्यादा नाही. आईबापांची संमती हवी असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मुलीच्या संमतीचा शब्द मात्र आम्हांला त्यात सापडला नाही.