लेकराची जबानी लेकराच्याच भाषेत : दुभाष्याचा हक्क आणि पुढचे उपचार

समजा, बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली आठ-नऊ वर्षांची मुलगी आईला म्हणते, "तो काका मला त्रास देतोय." आईला त्यातलं काय ते कळतं, कारण मुलीचा चेहरा आणि आवाज तिच्या ओळखीचा असतो. पण हेच वाक्य पोलीस ठाण्यात कन्नडात उतरलं की हा 'त्रास' म्हणजे चिडवणं, मारणं की आणखी काही, हे लिहिणाऱ्याला कळेलच असं नाही. इंदूरला तेच हिंदीत होतं, बडोद्यात गुजरातीत, हैदराबादेत तेलुगूत. पुढे कोर्टात त्याच कागदावर बोट ठेवून प्रश्न विचारले जातात. म्हणून मुलाचं म्हणणं त्याच्या भाषेत ऐकून घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. अडचण एवढीच, की ती मागावी लागते हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं.

कायदा काय सांगतो?

लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ चा. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालचा मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो लागू होतो.

- कलम १९ : तक्रार मुलाला न समजणाऱ्या भाषेत लिहिली जात असेल तर दुभाषी द्यावा लागतो. माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत पोलिसांनी बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं.
- कलम २४ : जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यायचा. शक्यतो महिला उपनिरीक्षक असावी आणि अंगावर गणवेश नसावा. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.
- कलम २६ : मूल जसं बोललं तसंच लिहायचं. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत असलं पाहिजे.
- कलम ३३ : साक्षीसाठी मुलाला पुन्हा पुन्हा कोर्टात बोलवायचं नाही. वकिलाने थेट मुलाला नव्हे, तर न्यायाधीशांमार्फत प्रश्न विचारायचे.

दुभाषी कोण होऊ शकतो?

२०२० च्या पोक्सो नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाषी, विशेष शिक्षक आणि सपोर्ट पर्सन यांची नोंदवही ठेवायची असते. बेळगावात या कक्षाच्या पाटीवर 'जिल्हा मक्कळ रक्षणा घटक' असं कन्नडात वाचायला मिळेल. दुभाष्याला मुलाची भाषा आणि राज्याची भाषा दोन्ही यायला हव्यात. मातृभाषा असणं, किमान प्राथमिक शाळेपर्यंत त्या माध्यमात शिकलेलं असणं किंवा नोकरी-व्यवसायातून, राहण्यातून ती आलेली असणं, यांतलं काहीही चालतं. तो निःपक्षपाती हवा. त्यामुळे शेजारच्या काकांना किंवा चुलत्याला 'जरा सांगा हो साहेबांना' म्हणून पुढे करू नका. अत्याचार करणारा पुष्कळदा ओळखीतलाच असतो, आणि घरच्या माणसासमोर मूल गप्प बसतं.

घटना सीमेपलीकडे घडली तर?

घर बेळगावात आणि घटना चंदगडला मामाकडे, असं आपल्याकडे होऊ शकतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कुठेही घडलेली असो, जवळच्या ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर चालत नाही. तक्रारीची प्रत फुकट मिळते. याच संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने अशा मुलावर तातडीने मोफत उपचार करायचे असतात.

मनाच्या जखमेचं काय?

केस उभी राहिली म्हणजे मूल बरं झालं असं नव्हे. झोपेत दचकणं, पुन्हा अंथरूण ओलं होणं, कारण नसताना पोटात दुखणं, शाळेचं नाव काढलं की रडणं, एकदम चिडणं किंवा एकदम गप्प होणं ही आघाताची लक्षणं असू शकतात. 'हट्टी झालंय' म्हणून ओरडू नका.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे सुरक्षितता : तो माणूस समोर येणार नाही, याची खात्री. त्यानंतर खेळ, चित्रं आणि गप्पांमधून मूल हळूहळू बोलतं होतं. आघातावर केंद्रित वर्तनोपचारात साधारण १२ ते २५ बैठका लागतात आणि त्यात पालकांनाही सामील करून घेतात. इथेही भाषा आडवी येते. पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, हे लेकरू घरच्या बोलीतच सांगतं. मराठी येणारा समुपदेशक मिळेल का, हे बालकल्याण समितीला आधीच विचारा. खटल्याच्या काळात मुलासोबत राहणारी सपोर्ट पर्सन हीच समिती नेमून देते.

घरच्यांनी एवढं करावं

१. मूल सांगतंय ते शांतपणे ऐका. 'तू ओरडली का नाहीस?' असं विचारू नका. 'तुझी काही चूक नाही' हे मात्र नक्की सांगा.
२. तेच तेच परत विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहून ठेवा.
३. १०९८ वर फोन करा. चोवीस तास आणि फुकट चालतो. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेली-मानसचा नंबर १४४१६.
४. माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. 'बदनामी होईल' म्हणून गावात मिटवू नका. मुलाची ओळख छापायला माध्यमांना कायद्याने बंदी आहे.
५. ठाण्यात गेल्यावर पहिलंच वाक्य हे असू द्या : "आमचं लेकरू मराठी बोलतं, दुभाषी द्या."

आणि आपल्या निवृत्त शिक्षकांना एक विनंती. मराठी आणि राज्याची भाषा दोन्ही येत असतील, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन दुभाषी म्हणून नाव नोंदवा. नोंदवहीत मराठीचं नावच नसेल, तर हक्क मागूनही त्या दिवशी लेकराजवळ बसायला कोणी नसेल.