खिडकीची काच आणि एक पैसा

तडकलेल्या काचेवर सेलोटेप हा आपला राष्ट्रीय उपाय! :) खरं तर काम सोपं आहे. जुनी पुट्टी खरवडा, चुका उपटा, चौकटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी मापाची काच कापून आणा आणि बसवा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र अडचण वेगळी होती. खिडकीची काचच बोटीनं यायची.

चाकणहून तळेगाव रस्त्याला लागलं की जे तळेगाव दाभाडे येतं, तिथे १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळ्यांची कल्पना अशी, की प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. (त्याच वर्षी ते मंडालेला गेले.) जपान-अमेरिकेत काचविद्या शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय तळेगावला आले. इथे नुसता माल बनत नव्हता, कारागीरही तयार होत होते.

पण फुंकणीनं बाटली होते, दिव्याची चिमणी होते. सपाट काच करायची तर लांब नळकांडं फुगवा, उभं चिरा, तापवून पसरा. भलताच खटाटोप! पुढे बेल्जियमच्या फूर्कोनं वितळलेल्या काचेतून सलग पत्रा वर ओढणारं यंत्र काढलं. आपल्याकडे सपाट काच केली ती याच वार्ष्णेयांनी, पण तळेगावात नाही, उत्तर प्रदेशातल्या बहजोईला. म्हणून तळेगावचा प्रयोग फसला म्हणायचं का? मला नाही वाटत. माणूस तर इथलाच हात बसवून गेला होता.

असो. चौकटीचं माप घ्यायचंय अजून.